कृपया पायऱ्यांचा वापर करावा

गाडी विकत घेतली की माणसाला वाटतं, चला, एक काम संपलं. खरं काम तिथूनच सुरू होतं. ती लावायची कुठे? लावली तर एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला खांब. दार निम्मं उघडायचं, पोट आत ओढायचं आणि आडवं होऊन उतरायचं. चष्मेवाल्यांच्या वाट्याला इमारतीच्या पार्किंगमधली नेमकी अशीच जागा आली होती.

चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. बावीस वर्षं त्यांनी लोकांच्या काचा घासल्या, बसवल्या आणि पुसल्या. काचेवरचा केसाएवढा ओरखडा त्यांना हातभर अंतरावरून दिसायचा. इमारतीतल्या आठ बिऱ्हाडांपैकी सहांच्या नाकावर त्यांनीच बसवलेला चष्मा होता. माणूस म्हणाल तर सरळ. कुणाशी भांडण नाही, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, जिन्यात भेटले तर आधी स्वतः हसणार. अशा माणसाबद्दल तक्रार ती काय असणार?

पण गेले दोन महिने या सरळ माणसाला चैन पडत नव्हतं. गाडी जेमतेम आठ महिन्यांची होती. एका सकाळी बॉनेटवर तिरकं ऊन पडलं आणि त्यांना रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बारीक गोल रेघा दिसल्या. गाडी धुणाऱ्याच्या मळक्या फडक्याचा प्रताप! झालं, त्या दिवसापासून जेवताना घास हातात धरून ते खिडकीतून खाली बघत बसायचे.

"अहो, गाडी कुठे पळून चालली नाही," बायको म्हणायची. "जेवा आधी."

"पळून जात नाही गं, पण रंग चाललाय तिचा."

"मग द्या एखाद्या गॅरेजला."

"आणि त्याचा हात कसा असेल कोण जाणे! नको, मीच करणार."

काय करणार, तर सिरॅमिक कोटिंग. गाडीच्या रंगावर काचेसारखा कडक, पारदर्शक थर चढवायचा, म्हणजे पाणी घरंगळून जातं, धूळ चिकटत नाही आणि चकाकी टिकते. चष्म्याच्या काचांवरची कोटिंग्ज रोज हाताळणाऱ्या माणसाला हे काम अवघड का वाटावं? त्यांनी महिनाभर व्हिडिओ बघितले. अंगठ्याएवढी बाटली मागवली, मऊ कापडं मागवली, हातमोजे मागवले. बाटलीसोबत आलेला सूचनांचा कागद त्यांनी एवढ्या वेळा वाचला की घड्यांवर तो फाटायला आला.

कागदावर एक गोष्ट ठळक छापलेली होती. द्रव लावला की दोन-तीन मिनिटांत त्यावर तेलकट, सप्तरंगी झाक उमटते. ती उमटताच पुसायचं. उशीर झाला तर थर जागच्या जागी कडक होतो, डाग पडतात आणि ते घासून काढण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणजे एकदा हात घातला की मध्येच उठायचं नाही. ऊन नको, धूळ नको, पाण्याचा थेंब नको. आणि गाडीच्या चारी बाजूंनी माणूस मोकळा फिरला पाहिजे.

खांब आणि भिंतीमध्ये कोण मोकळा फिरणार? चष्मेवाले पार्किंगमध्ये दोन दिवस येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांना जागा सापडली. लिफ्ट उघडते तिथे कमरेएवढ्या उंचीचा चौथरा होता. चौथऱ्यावरून खाली यायला चार पायऱ्या आणि त्यांच्या शेजारी एक सिमेंटचा उतार. त्या उताराच्या तोंडाशी छान मोकळी जागा होती, वर दोन ट्यूबलाइट, उन्हाचा संबंध नाही. एका रविवारी सकाळी गाडी तिथे आडवी लावली, भोवती प्लॅस्टिकचे पडदे बांधले, की काम फत्ते!

लोकांची गैरसोय होईल, हे त्यांच्या लक्षात आलं बरं का. म्हणून त्यांनी शनिवारी संध्याकाळी सुवाच्य अक्षरात सूचना लिहून फळ्यावर लावली. 'रविवारी सकाळी सहा ते बारा उताराजवळ वाहनाचे काम चालेल. रहिवाशांनी सहकार्य करावे. कृपया पायऱ्यांचा वापर करावा.' खाली सही. सोसायटीचे सेक्रेटरी ती वाचून म्हणाले, "अशी आगाऊ कल्पना देणारी माणसं राहिली नाहीत हो आता!"

चष्मेवाले खूश झाले. घरी येऊन पुन्हा सूचनांचा कागद उघडून बसले. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "उद्या वकीलबाईची परीक्षा आहे. दोन वर्षं झाली पोरगी मान वर न करता वाचतेय. जाताना 'नीट लिही' म्हणा तिला."

"हं," चष्मेवाले म्हणाले. त्यांचं बोट कागदावरच्या तापमानाच्या ओळीवर होतं.

वकीलबाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रायव्हरकाकांची मुलगी. पाच-सहा वर्षांची असल्यापासून कुणाशीही वाद घालायची, म्हणून साऱ्या इमारतीने तिला हे नाव ठेवलं होतं. आता ती खरोखरच कायदा शिकली होती आणि वकिली करण्याआधी द्यावी लागते ती परीक्षा देणार होती. लहानपणच्या आजारात तिचे पाय गेले. ती बॅटरीवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत असे. खुर्ची एवढी जड की दोन धट्टेकट्टे पुरुष लागले असते उचलायला. तिचे वडील एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, बोलायला मऊ, पाठीने अधू. बाहेर फाटकापाशी त्यांची जुनी व्हॅन उभी असायची आणि फळीवरून ते खुर्ची आत चढवायचे.

ड्रायव्हरकाकांनी शनिवारी फळ्यावरची सूचना वाचली होती. मनात म्हणाले, 'भला माणूस आहे. सकाळी सांगू, सरकवेल गाडी.' मुलीला त्यांनी काही सांगितलं नाही. उगाच अभ्यासात तिचं डोकं का फिरवा?

रविवार उजाडला. चष्मेवाले सहाच्या ठोक्याला खाली. छप्पर झालं, डिकी झाली, उजवी बाजू झाली. स्पंजच्या ठोकळ्यावर थेंब टाकायचे, दीड फुटाच्या चौकोनात आधी आडवे, मग उभे हात फिरवायचे, घड्याळाकडे बघायचं, झाक आली की पुसायचं. मग दुसऱ्या कापडाने पुन्हा पुसायचं. सकाळ असूनही कपाळावरून घाम निथळत होता आणि तो बाहीने टिपताना जीव टांगणीला लागत होता, न जाणो थेंब पडला तर? प्लॅस्टिकचा पडदा हलला की ते दचकत होते. कुठे तरी झाडूचा आवाज आला, तर इथूनच ओरडले, "आज झाडू नका हो बाई, धूळ उडते!"

आठला वीस मिनिटं कमी असताना लिफ्टचं दार उघडलं.

"काका," चौथऱ्यावरून वकीलबाईचा आवाज आला. "जरा गाडी घेता का बाजूला?"

चष्मेवाल्यांनी नुकतेच डाव्या दारावर थेंब फिरवले होते. "पाच मिनिटं हं, बाळ! आत्ताच लावलंय. एवढं दार पुसतो."

"होऊ द्या तुमचं," मागून ड्रायव्हरकाका म्हणाले. मुलीने वळून बापाकडे बघितलं. ते पायऱ्यांकडे बघत होते.

पाच मिनिटांत दार झालं, खरंच झालं. पण दाराला लागून मडगार्ड होतं आणि आत्ता मध्ये थांबलं तर जोडावर रेघ दिसणार होती. कुणाला दिसणार? चष्मेवाल्यांना दिसणार! त्यांचे हात आपोआप पुढे सरकले.

"काका, मला नऊच्या आत पोचायचंय."

"अगं, आठसुद्धा नाही वाजले. पाच मिनिटं, एवढं मडगार्ड."

कुठे पोचायचंय, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. ड्रायव्हरकाकांनी घसा खाकरला, काही बोलतील असं वाटलं, पण ते नुसतेच खिशातल्या किल्ल्या चाचपत राहिले. मडगार्ड झालं. चष्मेवाले ताठ उभे राहिले, कंबर सरळ केली, हातमोजे बदलले, दिव्याखाली वाकून चकाकी बघितली. काय चकाकी होती! त्यांच्या मनात आलं, आता राहिलं फक्त बॉनेट. गाडी हलवली तर चाकांची धूळ उडणार, पडदे सोडावे लागणार, सगळं मुसळ केरात. त्यापेक्षा बॉनेट उरकूनच टाकू. आणि त्यांनी बॉनेटवर थेंब टाकले.

"काका!" या वेळी आवाज चढला होता. "आठ वाजून बारा मिनिटं झालीत. माझी परीक्षा आहे. नऊला तिथलं फाटक बंद होतं."

चष्मेवाल्यांचा हात थबकला. "परीक्षा? अगं, मग आधी नाही का सांगायचं!"

"गाडी काढा म्हणून सांगितलं होतं. कारण सांगितल्याशिवाय रस्ता मिळत नाही का?"

मंडळी, आता नीट बघा. इथपर्यंत चष्मेवाल्यांना काही ठाऊक नव्हतं, असं आपण म्हणू शकत होतो. आता ठाऊक झालं. समोर मुलगी होती आणि हाताखाली ओलं बॉनेट होतं. बॉनेटवर ती तेलकट, सप्तरंगी झाक नुकती कुठे उमटायला लागली होती. आणि सरळ मनाचा, कुणाशी न भांडणारा हा माणूस म्हणाला, "दोनच मिनिटं गं! नाहीतर सगळं वाया जाईल. हवं तर दोघं मिळून तुला खुर्चीसकट उचलू का?"

"मी सामान नाही," ती म्हणाली. "मागे एकदा चौघांनी उचललं होतं. तिसऱ्या पायरीवर एकाचा हात सुटला. बाबांची पाठ त्या दिवशी गेली."

चष्मेवाल्यांनी हे ऐकलं आणि तरी त्यांचा हात पुसतच राहिला. दोन मिनिटांची पाच झाली, पाचाची दहा. घाईघाईत पुसलं की डाग पडायचे, डाग पडला की पुन्हा तिथेच हात. त्यांना वाटत होतं, आपण हिच्याचसाठी घाई करतोय!

साडेआठला पाच मिनिटं कमी असताना त्यांची बायको चहा घेऊन लिफ्टमधून उतरली. चौथऱ्यावर खुर्ची, खुर्चीत मांडीवर प्रवेशपत्र घट्ट धरून बसलेली मुलगी, शेजारी मान खाली घातलेला बाप आणि खाली प्लॅस्टिकच्या आड वाकलेला आपला नवरा. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. कप पायरीवर ठेवून ती खाली आली आणि तिने पडद्याची दोरी अशी ओढली की सगळं प्लॅस्टिक गाडीवर कोसळलं.

"अगं, ओलं आहे ते!"

"असू दे ओलं! काल सांगितलं होतं मी तुम्हाला, हिची परीक्षा आहे. तुम्ही 'हं' म्हणालात. किल्ली कुठे आहे? तुम्ही काढता की मी काढू?"

बायको असं कधी बोलली नव्हती. चष्मेवाल्यांनी हातमोजे फेकले, प्लॅस्टिक बाजूला ओढलं आणि गाडी मागे घेतली. खुर्ची घरघरत उतार उतरली. ड्रायव्हरकाका पाठ विसरून व्हॅनकडे धावले. आणि काय वाटलं कोण जाणे, चष्मेवालेही तसेच मागे धावले, पायात घरातल्या चपला, अंगात डाग पडलेला सदरा. "मी येतो बरोबर! मी सांगतो तिथल्या लोकांना, चूक माझी आहे म्हणून!"

त्या व्हॅनमधली पस्तीस मिनिटं त्यांना पस्तीस वर्षांएवढी लांब वाटली. प्रत्येक सिग्नलला ते खिडकीतून डोकं बाहेर काढत. कुठे एक टेम्पो रस्त्यात माल उतरवत उभा होता. चष्मेवाले ओरडले, "अहो, बाजूला घ्या ना! इथे घाई आहे लोकांना!" टेम्पोवाल्याने हात वर करून पंजा दाखवला. पाच मिनिटं! चष्मेवाले सीटवर मागे सरकून बसले. आरशातून ड्रायव्हरकाकांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. एकतीस वर्षांत त्यांची बस वेळ चुकली नव्हती, असं इमारतीत सगळे सांगायचे.

ते पोचले तेव्हा नऊ वाजून चार मिनिटं झाली होती. फाटक बंद होतं.

चष्मेवाल्यांनी काय काय नाही केलं! फाटकावरच्या पहारेकऱ्याला हात जोडले. सगळा दोष स्वतःकडे घेतला. गाडीचं सांगितलं, उताराचं सांगितलं, मुलीच्या दोन वर्षांच्या अभ्यासाचं सांगितलं. "चारच मिनिटं झालीत हो! चार-पाच मिनिटांनी काय होतं?"

पहारेकरी वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं. "साहेब, आत सहाशे मुलं बसलीत. सगळी वेळेवर आली. मी उघडलं तर माझी नोकरी जाईल आणि ते बरोबरच होईल."

चष्मेवाले आणखी काही बोलणार, तेवढ्यात मागून वकीलबाई म्हणाली, "नका काका. त्यांनी उशीर केलेला नाही."

फाटकासमोर एक झाड होतं आणि झाडाखाली सिमेंटचा बाक. चष्मेवाले त्यावर मटकन बसले. ती खुर्ची वळवून त्यांच्यासमोर आली. तिचे डोळे कोरडे होते. रडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"पुढची परीक्षा सहा महिन्यांनी," ती म्हणाली. "तोवर मला वकिलीची सनद नाही. एका ज्येष्ठ वकीलबाईंनी त्यांच्या हाताखाली घेते म्हणून सांगितलं होतं, पुढच्या महिन्यापासून. त्या काही सहा महिने थांबणार नाहीत."

"बाळ, मी त्यांना भेटतो. माफी मागतो. तुझी तर..."

"माफीचं काय करू मी? काका, तुम्हाला एक विचारू? तुम्ही ती सूचना लिहिलीत ना, पायऱ्यांचा वापर करावा म्हणून. लिहिताना मी आठवले होते का तुम्हाला?"

चष्मेवाल्यांनी खूप आठवून बघितलं. खोटं बोलवेना. "नाही," ते म्हणाले.

"तेच म्हणते मी. तुम्ही माझ्याशी वाईट वागला असतात तर मी भांडले असते. भांडायला मला आवडतं, ठाऊकच आहे तुम्हाला. पण तुम्ही चांगले आहात. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी चांगल्या आहेत, त्यांच्या कुंड्या उतारावर ऊन खायला ठेवतात. सेक्रेटरीकाका चांगले आहेत, त्यांची स्कूटर उतारावर असते कारण ते पाचच मिनिटांसाठी वर गेलेले असतात. सगळे चांगले, आणि सगळ्यांची पाच-पाच मिनिटं! त्या चांगल्या लोकांमधून वाट काढायला मी रोज घरातून पाऊण तास आधी निघते. आजही निघाले होते. तुम्हाला ती सिमेंटची रिकामी जागा दिसली. माझा तो दरवाजा आहे. तुमच्या घराच्या दारात कुणी सहा तास गाडी आडवी लावली आणि खिडकीतून ये-जा करावी म्हणून पाटी लावली, तर?"

बावीस वर्षं चष्मेवाले लोकांना विचारत आले होते, आता स्पष्ट दिसतंय का? स्वतःला विचारायची वेळ आजवर आली नव्हती. त्यांची मान खाली गेली आणि डोळ्यांतून पाणी ओघळलं. भर रस्त्यात, घरातल्या चपलांनिशी, तो मोठा माणूस रडला.

ड्रायव्हरकाका इतका वेळ व्हॅनला टेकून उभे होते. ते जवळ आले. "एकट्या तुमचं नाही हे," ते म्हणाले. "मी काल वाचली होती ती सूचना. काल संध्याकाळीच तुमची बेल वाजवली असती तर? आज पहिल्यांदा पाच मिनिटं म्हणालात, तेव्हाच ठणकावून सांगितलं असतं तर? मला वाटलं, शेजाऱ्याला कशाला दुखवायचं. पोरीला दुखवलं ते चाललं मला." मुलीने त्यांचा हात धरला. मग तिघेही व्हॅनमध्ये बसून घरी आले.

बॉनेटवरचा थर वाळून कडक झाला होता. त्यावर प्लॅस्टिकच्या सुरकुत्या जशाच्या तशा उठल्या होत्या. चष्मेवाल्यांनी एकदा बघितलं आणि ते वर निघून गेले. पुढे यथावकाश एका गॅरेजात नेऊन त्यांनी ते घासून घेतलं. त्या दिवशी मात्र त्यांना एका जागी बसवेना. उठत होते, पुन्हा बसत होते. शेवटी खाली जाऊन त्यांनी फळ्यावरची सूचना काढली आणि तिच्या जागी दुसरी लावली. आठवड्याने सभा बोलावली होती.

सभेला सगळे आले. चष्मेवाले उभे राहिले. त्यांनी ती जुनी सूचना मोठ्याने वाचून दाखवली.

"हे मी लिहिलं," ते म्हणाले. "शुद्धलेखन दोनदा तपासलं. तुम्ही सगळ्यांनी वाचलं. सेक्रेटरीसाहेबांनी माझं कौतुक केलं. आपल्या इमारतीत एक मुलगी पायऱ्या उतरू शकत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. आणि तरी आपल्यातल्या एकालाही या वाक्यात चूक दिसली नाही! सहा जणांचे चष्मे मी केलेत, म्हणून लाज जास्त वाटते."

"अहो, पण तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?" सेक्रेटरी म्हणाले.

"मुद्दाम केलं नाही म्हणून तिची परीक्षा झाली का?"

खोलीत चुळबूळ सुरू झाली. वहिनी म्हणाल्या, "माझ्या कुंड्या तर किती लहान आहेत! खुर्ची जाते की बाजूने." तेव्हा सगळ्यांच्या माना वकीलबाईकडे वळल्या. ती शांतपणे म्हणाली, "जाते, वहिनी. डावं चाक कडेच्या बाहेर लोंबतं, पण जाते." वहिनींचा चेहरा पडला. सभा संपायच्या आधीच त्या उठल्या आणि एकेक कुंडी गच्चीवर नेऊन ठेवायला लागल्या. सेक्रेटरींनीही स्कूटर हलवली, जरा पुटपुटत, पण हलवली. त्याच संध्याकाळी चष्मेवाल्यांनी उताराच्या तोंडाशी पिवळ्या रंगाचे पट्टे स्वतः गुडघे टेकून मारले.

गेलेलं मात्र परत आलं नाही. त्या ज्येष्ठ वकीलबाईंनी महिनाभर वाट बघून दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. आमच्या वकीलबाईला पुन्हा पहिल्या पानापासून अभ्यास करावा लागला. चष्मेवाल्यांच्या पश्चात्तापाने तिचा एक दिवसही परत मिळाला नाही, हे इथे स्पष्ट सांगितलं पाहिजे.

सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षेचा दिवस आला. चष्मेवाले पहाटेपासून अस्वस्थ. सात वाजताच खाली जाऊन त्यांनी उतार झाडून काढला. वर्तमानपत्रवाल्याची सायकल आली, तिला लांब पिटाळलं. दूधवाला क्षणभर टेकला, त्याच्यावर खेकसले. फाटक सताड उघडलं. मग उताराच्या तोंडाशी, पिवळ्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध, कमरेवर हात ठेवून पहाऱ्याला उभे राहिले. आज कुणी येऊन दाखवाच म्हणावं!

लिफ्ट उघडली. खुर्ची घरघरत चौथऱ्यावर आली, उताराला लागली आणि अर्ध्या उतारावर येऊन थांबली.

"काय झालं?" चष्मेवाल्यांनी घाबरून विचारलं. "काही विसरलीस का? वर जाऊन आणू?"

"काही विसरले नाही, काका," वकीलबाई म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "जरा सरकता का? वाटेत तुम्हीच उभे आहात."

चष्मेवाल्यांनी खाली बघितलं, पट्ट्यांकडे बघितलं आणि टुणकन उडी मारून बाजूला झाले. ड्रायव्हरकाका मोठ्याने हसले. खुर्ची सरळ खाली उतरली आणि फाटकाबाहेर गेली. तिला कुणी ढकललं नाही, कुणी उचललं नाही, कुणी शाबासकी दिली नाही. तिला त्यातलं काही नकोही होतं.

वाचकहो, दुसऱ्याचा रस्ता अडवायला दुष्टपणा लागत नाही. चांगल्या माणसाचा विसराळूपणा त्याला पुरतो. सामायिक जागा मोकळी दिसली की ती कुणाचीच नाही असं आपल्याला वाटतं, आणि नेमकी ती कुणाची तरी एकुलती एक वाट असते. तिथून जाणाऱ्यावर उपकार करायला कुणी सांगितलेलं नाही, फक्त आपण बाजूला व्हायचं आहे. आज घरी गेलात की आपल्या इमारतीच्या, दुकानाच्या, कचेरीच्या उतारावर एकदा नजर टाका. तिथे काहीतरी ठेवलेलं असेल. बहुतेक ते आपलंच निघेल. तेवढं उचला.